नदीपलीकडील मळ्यास बिनतारी इथरनेटची जोड

मुळा-मुठेच्या दक्षिण काठास मांजरी बुद्रुक व उत्तर काठास मांजरी खुर्द आहे. बुद्रुक गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. घर एका काठास आणि मळा दुसऱ्या काठास, अशी अडचण नदीकाठच्या शेतकऱ्यांस नवी नाही. पंप घरून चालू-बंद करणे, जमिनीतील ओल मोजणाऱ्या यंत्राचे आकडे पाहणे, मोटारघरावर कॅमेऱ्याने लक्ष ठेवणे यांसाठी घरचे इंटरनेट मळ्यापर्यंत न्यावे लागते. मळ्यात मोबाइलची रेंज भरवशाची असेल तर पुढील खटाटोप करू नये. नसेल तर तांब्याची इथरनेट केबल कामास येत नाही. तिची मर्यादा १०० मीटर आहे. अशा ठिकाणी दोन्ही टोकांस एकमेकांकडे तोंड केलेल्या डिश-अँटेना बसवून बिनतारी जोड करता येते. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अशा यंत्रांना २०१८ पासून परवाना लागत नाही. मात्र यंत्र मान्यताप्राप्त असावे व शक्ती ठरवून दिलेल्या मर्यादेत ठेवावी.

ही जोड बहुधा ऊस तुटल्यावर, माघ-फाल्गुनात बसविली जाते. रान मोकळे असते, समोरचे टोक डोळ्यांस दिसते आणि यंत्रही उत्तम चालते. भाद्रपदात मात्र जोड वरचेवर तुटू लागते. दोष यंत्रास दिला जातो, क्वचित पावसासही. वास्तविक या लहरींवर पावसाचा परिणाम फार थोडा होतो. मध्यंतरी वाढला तो ऊस.

लहरी दोरीसारख्या सरळ एका रेषेत जात नाहीत. दोन अँटेनांमध्ये त्या मध्यभागी फुगलेल्या चिरुटाच्या आकाराची जागा व्यापतात. तीस फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. अंतर ४ किलोमीटर व लहरी ५.८ गिगाहर्ट्झच्या असल्यास या चिरुटाची मध्यभागी त्रिज्या सुमारे ७ मीटर भरते. तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे सुमारे ४.३ मीटर, दृष्टिरेषेखाली मोकळा असावा लागतो. सपाट रानात दोन्ही खांब ६ मीटरचे असतील तर ऊस नसताना ही अट सहज पुरी होते. शेंड्याच्या पानांसह ऊस ४ मीटर धरला तर खाली अवघी २ मीटर जागा उरते. म्हणून येथे खांब ९ मीटरांचा धरावा. मधे आंबा, बाभूळ वा नवी इमारत असेल तर उंची त्या मानाने वाढवावी, अथवा जागा बदलावी. नदीच्या संथ पाण्यावरून परावर्तित झालेल्या लहरीही मूळ लहरींस मारक ठरू शकतात. खांब थोडा वरखाली करून पाहिल्यास फरक कळतो.

झाडी टाळणे अशक्य असेल तेथे कमी वारंवारतेच्या लहरी अधिक उपयोगी पडतात, कारण पानांतून त्या अधिक सहज जातात. मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर जिल्ह्यातील गावे जोडताना दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरी वापरून पाहिल्या, त्या याच गुणामुळे. शेतकऱ्यास त्या वापरण्याची आज मुभा नाही.

डिश जुळविताना एकाने एका टोकास व दुसऱ्याने दुसऱ्या टोकास राहावे आणि एका वेळी एकच डिश हलवावी. प्रथम सापडलेला सिग्नल पुष्कळदा डिशच्या बाजूच्या दुबळ्या झोताचा असतो. तेवढ्यावर समाधान मानून बोल्ट आवळू नयेत. पुढे-मागे, वर-खाली फिरवून सर्वांत बलवान जागा शोधावी. आकडे उणे चिन्हाचे असतात. उणे ६० हा उणे ८० पेक्षा पुष्कळ चांगला.

यंत्राच्या सेटिंगमध्ये अंतराचा आकडा भरण्यास विसरू नये. पाठविलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच येण्याची यंत्र काही मायक्रोसेकंदच वाट पाहते. घरगुती अंतराच्या हिशेबाने ठेवलेली वेळ ४ किलोमीटरांस अपुरी पडते. मग सिग्नल भरपूर असूनही वेग मिळत नाही, व कारण लक्षात येत नाही.

खांबास अर्थिंग करावे आणि केबलवर वीजरोधक बसवावा. वळवाच्या विजांत प्रथम हीच यंत्रे जळतात. घरांतर्गत केबल उन्हात तडकते, म्हणून बाहेरच्या वापराचीच घ्यावी व यंत्रात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकते.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी जोड सुरू झाल्याच्या दिवशीचा सिग्नलचा आकडा मोटारघराच्या भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावा आणि ऊस पुरा वाढल्यावर भाद्रपदात तो पुन्हा ताडून पाहावा.