मोटारींच्या सहलीचें अंदाजपत्रक

अंदाजपत्रक म्हणजे पुढें होणाऱ्या खर्चाचा आज केलेला विचार. ही व्याख्या आमचे विद्यार्थी न अडखळतां सांगतात. परंतु ती व्यवहारांत कशी लावावी असें विचारतांच बहुतेक गप्प बसतात. वरच्या वर्गांतील मुलांना मोटारींच्या शर्यतींचा मोठा नाद आहे. तेव्हां प्रस्तुत पाठाचें उदाहरण आम्ही तेथूनच घेतों. शिक्षण संपवून नोकरीस लागलेले चार मित्र जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंग येथें गाडी चालविण्यास जाऊं इच्छितात, असें समजा.

प्रथम स्थळाची माहिती. कोलोन शहराच्या दक्षिणेस, आयफेल नांवाच्या डोंगराळ प्रदेशांत हा मार्ग १९२७ सालीं खुला झाला. त्याचा नॉर्डश्लाइफे, म्हणजे उत्तरेकडील फेरा, सुमारें २०.८ किलोमीटर लांब असून त्यांत सत्तरांहून अधिक वळणें आहेत. १९७६ सालीं येथेंच निकी लाउडा या जगज्जेत्याची गाडी पेटली व इतर स्पर्धकांनीं त्याला ज्वाळांतून बाहेर काढलें. पुढील वर्षापासून जर्मनीची ती मोठी शर्यत हॉकेनहाइम येथें नेण्यांत आली. आज ठराविक दिवशीं कोणाही परवानाधारकास शुल्क भरून या फेऱ्यावर गाडी नेतां येते. मात्र ही शर्यत नव्हे. तेथें सार्वजनिक रस्त्याचे नियम लागू असतात. पुढें जावयाचें तें डावीकडूनच, आणि फेरीची वेळ मोजण्यास मनाई असते. हा भेद ज्यास समजला नाहीं, त्यानें पुढील हिशेब करूंच नये.

आतां कामाचा क्रम पाहूं. मार्ग कोणत्या दिवशीं खुला आहे तें आधीं पाहावें, मग विमानाचें तिकीट घ्यावें. उलट केल्यास बंद फाटकाचें दर्शन घेऊन परतावें लागेल. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत, परंतु निदान पंधरा दिवस आधीं करावा लागतो. त्याचें शुल्क जून २०२४ पासून प्रौढांस ९० यूरो आहे, आणि निदान ३०,००० यूरोंचा वैद्यकीय विमाही दाखवावा लागतो. गाडी चालविण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांतून मिळतो.

आतां आंकडे मांडूं. व्हिसाशुल्क सोडून पुढील रकमा आम्ही उदाहरणादाखल धरल्या आहेत. सामाईक खर्च: राहण्याची जागा ४८० व विमानतळापासून प्रवासाची गाडी ३२०, एकूण ८०० यूरो, चौघांत प्रत्येकीं २००. वैयक्तिक खर्च: विमान ७००, व्हिसा ९०, विमा ३०, जेवण १६०, आणि फेऱ्यांसाठीं खास भाड्याची गाडी, इंधन व शुल्क मिळून ४००, म्हणजे १,३८०. दोन्ही मिळून १,५८० झाले. त्यांवर दहावा हिस्सा, १५८, राखीव धरावा. एकंदर १,७३८ यूरो. एक यूरो शंभर रुपयांस धरला तर ही रक्कम १,७३,८०० रुपये होते. अठरा महिन्यांत ती जमविण्यास दरमहा सुमारें ९,६५६ रुपये बाजूस ठेवावे लागतील. यूरो १०५ रुपयांस गेला तर ८,६९० रुपये अधिक लागतील. राखीव रक्कम असते ती अशाच वाढीसाठीं.

परंतु खरी परीक्षा पुढेंच आहे. गाडी लोखंडी कठड्यावर आदळली तर कठड्याची दुरुस्ती व गाडी ओढून नेण्याचा खर्च चालकाच्या अंगावर येतो. सामान्य भाड्याच्या गाड्यांचे करार बहुधा अशा मार्गावर जाण्यास मनाई करतात, आणि विम्याचें संरक्षणही पुष्कळदां तेथें लागू होत नाहीं. खास भाड्याच्या गाडीसही नुकसानीची ठराविक रक्कम भाडेकऱ्यास सोसावी लागते. ती ५,००० यूरो धरा. सबंध सहलीच्या जवळजवळ तिप्पट झाली! एका वळणावरील क्षणभराच्या अविचारानें वडिलांची शिल्लक जाते, आणि "पैसे कोणीं द्यावे?" या एका प्रश्नावर लहानपणापासूनची मैत्री तुटते.

म्हणून खर्च व जोखीम यांचे रकाने निराळे ठेवावे. राखीव दहावा हिस्सा जोखमीस पुरत नसतो. जो चालवील तो भरील, हें तिकिटें काढण्यापूर्वींच कागदावर लिहून चौघांनीं सह्या कराव्या. सही मागणें म्हणजे अविश्वास नव्हे. संकटांत मित्रास मित्राकडे तोंड लपवावें लागूं नये, यासाठीं ती तजवीज आहे. आणि जोखमीची रक्कम ज्याच्यापाशीं नाहीं, त्यानें चाक हातीं न घेतां अनुभवी चालकाच्या शेजारीं बसून फेरीचा आनंद घ्यावा. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

पालकांस आमची विनंति आहे कीं, घरच्या पुढील प्रवासाचें अंदाजपत्रक, मग तो महाबळेश्वरचा कां असेना, मुलांकडून करवून घ्यावें.

अभ्यास: (१) चौघांपैकीं एक मित्र आयत्या वेळीं गळाला, तर सामाईक खर्चाचा प्रत्येकाचा हिस्सा किती वाढेल? (२) हा वाढीव हिस्सा कोणीं सोसावा, गळालेल्यानें कीं उरलेल्यांनीं? सकारण लिहा. (३) हा निर्णय कोणत्या दिवशीं घेणें योग्य, निघण्याच्या कीं ठरविण्याच्या?