आहार, साधना आणि संशोधन : 'सिद्ध झाले आहे' असे म्हणण्यापूर्वी



आहारशुद्धी हा आपल्या साधनेचा पाया आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात युक्त आहाराचा उपदेश आहे, तर सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस अशा तीन प्रकारच्या आहारांचे वर्णन आहे. अलीकडे या विषयावर बोलताना आपल्यापैकी अनेक जण एक वाक्य हमखास जोडतात : "हे तर आता विज्ञानानेही सिद्ध केले आहे."

हे वाक्य मीही लिहिले आहे. एका हिंदी लेखाचा मराठी अनुवाद करताना 'सात्त्विक आहाराने रक्तदाब बरा होतो, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे' अशी ओळ आली आणि मी ती जशीच्या तशी उतरवली. कोणते संशोधन, हा प्रश्न मला पडलाच नाही. पुढे साप्ताहिक स्वाध्यायात एका काकांनी सांगितले की, तो लेख वाचून त्यांनी महिनाभर बीपीची गोळी बंद ठेवली होती. एके दिवशी चक्कर आली, मुलीने दवाखान्यात नेले, तेव्हा रक्तदाब बराच वाढलेला निघाला. काका रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "बाळ, ते संशोधन कुठले होते रे?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

आजचा पाठ काकांच्या त्या प्रश्नासाठी आहे.

१. आहाराची परीक्षा कशी घेतात?

एखाद्याने आहार बदलला आणि त्याला बरे वाटले, तर तो त्याचा अनुभव झाला. अनुभव खरा असतो. पण बरे वाटण्यामागे औषध, विश्रांती, ऋतुबदल असे काहीही असू शकते. म्हणून संशोधनात तुलना करावी लागते.

१७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या वैद्याने अशी तुलना केली. स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या त्याने सहा जोड्या केल्या. सर्वांचे रोजचे जेवण एकच ठेवले, मात्र प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी, तर एका जोडीला संत्री आणि लिंबू. संत्री-लिंबू खाणारे दोघे सर्वांत लवकर सुधारले. तरीही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नियमाने मिळू लागायला १७९५ साल उजाडले.

आजच्या चाचण्यांमध्ये कोणत्या व्यक्तीला कोणता आहार द्यायचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतात. त्यामुळे दोन्ही गट सारखे राहतात आणि फरक दिसला तर तो आहाराचा आहे, असे म्हणता येते.

२. रक्तदाब आणि ताट : डॅश चाचणी

काकांच्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॅश' चाचणीत आहे. तिच्यात ४५९ प्रौढ व्यक्ती होत्या. त्यांचे सर्व अन्न संशोधकांनीच पुरवले. एका गटाला नेहमीचा अमेरिकन आहार, दुसऱ्याला त्यात भरपूर फळे-भाज्या, आणि तिसऱ्याला फळे, भाज्या, कमी स्निग्धांशाचे दूध-दही, अखंड धान्ये, कडधान्ये व सुकामेवा असलेला, कमी चरबीचा आहार आठ आठवडे दिला. मीठ सर्वांना सारखे ठेवले आणि कोणाचे वजन बदलू दिले नाही.

तिसऱ्या गटाचा वरचा रक्तदाब पहिल्या गटाच्या तुलनेत सरासरी ५.५ अंकांनी आणि खालचा ३ अंकांनी उतरला. ज्यांचा रक्तदाब मुळातच जास्त होता, त्यांच्यात वरचा ११.४ अंकांनी उतरला. मीठ नाही, वजन नाही, फक्त ताटातले पदार्थ बदलले आणि एवढा फरक पडला. २००१ मध्ये ४१२ जणांवर दुसरी चाचणी झाली. त्यात मीठ कमी केल्यावर रक्तदाब आणखी उतरला.

हे वाचून आनंद होतो. पण इथेच थांबून तीन गोष्टी पाहायच्या आहेत.

पहिली : या चाचणीतील लोक रक्तदाबाची औषधे घेत नव्हते आणि ज्यांचा वरचा रक्तदाब १६० किंवा त्याहून अधिक होता, त्यांना घेतलेच नव्हते. म्हणजे गोळी चालू असलेल्याने ती बंद करावी, असे ही चाचणी कुठेही सांगत नाही.

दुसरी : रक्तदाब 'उतरला', 'बरा झाला' नाही. या दोन शब्दांमधल्या अंतरात काकांचा तो महिना गेला.

तिसरी : डॅश आहारात थोडे मासे आणि कोंबडीही होती. त्यामुळे तिच्या आधारे 'शाकाहार सिद्ध झाला' असे आपण म्हणू शकत नाही. आपण शाकाहार स्वीकारतो तो अहिंसेसाठी आणि चित्तशुद्धीसाठी. त्या श्रद्धेला उसन्या पुराव्याची गरज नाही.

३. मिताहार अवघड का जातो?

'भूक आहे तेवढेच खा' हे सांगणे सोपे आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना महिनाभर राहायला बोलावले. दोन आठवडे त्यांना कारखान्यात तयार झालेले, पाकीटबंद प्रकारचे अन्न दिले आणि दोन आठवडे साधे, ताजे शिजवलेले. वाढलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ यांचा मेळ दोन्ही वेळी घातला होता. हवे तेवढे खाण्याची मुभा होती.

पाकीटबंद अन्नावर असताना लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचे वजन ०.९ किलोने वाढले. ताज्या अन्नावर तेवढेच उतरले. चाचणी लहान आहे, काळ थोडा आहे. पण साधकाला तिच्यातून एक दिलासा मिळतो. संयम सुटतो तेव्हा दोष नेहमी मनाचाच नसतो. घरातल्या डब्यांत काय भरून ठेवले आहे, यावरही संयम अवलंबून असतो.

४. गोळीतले सत्त्व

फळे-भाज्या खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो असे दिसल्यावर अनेकांना वाटले, गाजरातले बीटा-कॅरोटीन काढून गोळीत दिले तर काम सोपे होईल. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हे तपासले. १९९४ मध्ये निष्कर्ष आला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. 'नैसर्गिक आहे, त्याने अपाय कसा होईल?' असे आपण सहज बोलतो. हे उत्तर लक्षात ठेवावे.

५. चूक मान्य करण्याचे धैर्य

स्पेनमध्ये ७,४४७ जणांवर झालेली 'प्रेडिमेड' चाचणी २०१३ मध्ये गाजली. ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा असलेल्या भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ३० टक्के कमी झाले, असा तिचा निष्कर्ष होता. नंतर लक्षात आले की, काही ठिकाणी गट पाडताना नियम पाळला गेला नव्हता. एकाच घरातील व्यक्तींना एकाच गटात टाकले होते. संशोधकांनी मूळ लेख मागे घेतला, पुन्हा हिशोब केला आणि २०१८ मध्ये दोष मान्य करून तो नव्याने छापला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला, पण दावा अधिक जपून मांडला.

याला आपल्या भाषेत आत्मपरीक्षण म्हणतात. जगासमोर हिशोब दुरुस्त करणे ही सत्याचीच साधना आहे. मीही माझ्या अनुवादातील ती ओळ बदलून घेतली आणि काकांना तसे सांगितले.

या आठवड्याचा अभ्यास

१. रोजच्या जेवणात एक भाजी किंवा एक फळ वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

२. लोणचे, पापड, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ किती वेळा खाल्ले, याची सात दिवस वहीत नोंद करावी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरापेक्षा कमी मीठ सुचवते.

३. कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. आहार सुधारल्यावर डॉक्टरांकडे तपासून घ्यावे. गोळी कमी करायची की नाही, हे तेच ठरवतील.

४. आहाराविषयीचा संदेश पुढे पाठवण्यापूर्वी विचारावे : ही चाचणी कोणावर झाली? किती जणांवर? तुलना कशाशी केली? उत्तर मिळाले नाही, तर संदेश आपल्यापाशीच थांबवावा.

चिंतनासाठी

सात्त्विक अन्न ग्रहण करणाऱ्याची वाणीही सात्त्विक असायला नको का? आपल्या श्रद्धेविषयी बोलताना मी कधी खऱ्यापेक्षा थोडे जास्त सांगितले आहे का?

काका आता गोळी वेळेवर घेतात, जेवणात ताक आणि पालेभाजी नेमाने ठेवतात आणि पापड फक्त सणालाच खातात. त्यांच्या ताटात श्रद्धा आणि विज्ञान शेजारी शेजारी बसले आहेत. आपल्याही ताटात तसेच बसोत, हीच प्रार्थना.