उथळ पाण्याचे ऐश्वर्य

'उथळ पाण्याला खळखळाट फार' असे आपण हिणवून म्हणतो. परंतु पाणपक्ष्यांना विचारले, तर ते उथळ पाण्याचीच बाजू घेतील!

कोयनेचे धरण 103 मीटर उंच आहे. शिवसागराचा विस्तार पाहून डोळे दिपतात. पण चिखलात चालत अन्न शोधणाऱ्या पक्ष्याला त्या खोल पाण्याचा काय उपयोग? त्याचे पोट भरते ते काठच्या गुडघाभर पाण्यात. बगळा स्तब्ध उभा राहून मासा टिपतो. चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत चालतो. रोहित मान वाकवून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो. जेवढी खोली, तेवढी पंगत वेगळी.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर-मधमेश्वर हे याचे उत्तम उदाहरण होय. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीस शेतीसाठी बंधारा बांधला गेला. नद्यांनी गाळ आणला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने जे नुकसान, तेच पक्ष्यांचे वैभव ठरले. 1986 मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली.

मग अशी जागा कुंपण घालून सोडून दिली की काम संपले काय? राजस्थानातील भरतपूरचा अनुभव निराळा आहे. तेथील केवलादेव 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि म्हशींची चराई बंद झाली. हेतू चांगला होता. परंतु चरणारे तोंड थांबताच गवत बेसुमार वाढून पाणी झाकू लागले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातूनच ही गोष्ट पुढे आली. गावकऱ्यांचे गुरे चारणे त्या निसर्गक्रमाचा भाग बनले होते, हे उशिरा कळले.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. खटाव तालुक्यातील मायणीचा तलाव रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध. 2021 मध्ये त्या परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पण नुसत्या दर्जाने पक्षी येत नाहीत. पाणी आटले की ते दुसरा पाणवठा शोधतात. गाळाने तलाव पार भरला, तर त्याचे माळरान होईल. उलट सरसकट उभ्या कडांचा खड्डा खणला, तर पाणी साठेल, पण रोहिताला पाय टेकायला जागा उरणार नाही. म्हणून गाळ काढताना मध्यभागी खोली ठेवावी, काठ उतरते राखावेत आणि बेटांना धक्का लावू नये. शेतकऱ्याचे पाणी व पक्ष्याचा चिखल, दोन्ही एकाच तलावात नांदू शकतात.

आपल्या उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. पुढच्या वेळी संगमावर गेलात, तर नजर मध्यप्रवाहावरच खिळवू नका. जरा काठाच्या चिखलाकडेही पाहा. नदीचा खरा संसार तेथेच थाटलेला असतो.