तगर ते भडोच : अक्षरांच्या एका खेळाची बांधणी

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत संगणकाच्या खेळावर लिहावे, याचे आमच्या काही माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. सनावळ्या पाठ करून घेणारे गुरुजी म्हणूनच त्यांनी आम्हाला पाहिले आहे. परंतु संगणक कक्षातला तास रिकामा जाऊ नये म्हणून पन्नाशी उलटल्यावर आम्ही मुलांच्याच बाकावर बसून पायथॉन ही संगणकाची भाषा शिकलो, आणि नववीच्या वर्गासह एक खेळ रचला. तो रचताना जिथे चुकलो ती जागा सांगितली, तर नव्याने शिकणाऱ्यास अधिक उपयोग होईल असे वाटते.

पालकांसाठी आधी एवढे सांगावे, की या खेळात चित्र नाही, आवाज नाही, गोळीबार तर नाहीच. पडद्यावर चार ओळींचे वर्णन येते : तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, इथे अमुक वस्तू पडली आहे, अमुक दिशांना वाटा आहेत. खेळणारा ‘उत्तर’ किंवा ‘गाडी घे’ असे टंकतो आणि खेळ पुढे सरकतो. वाचता आले पाहिजे, एवढीच पात्रता. जुन्यातला जुना संगणकही त्याला पुरतो, आणि वसतिगृहाच्या शाळेला हा गुण मोठा आहे.

या जातीचा पहिला गाजलेला खेळ १९७६ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम क्राउदर या प्रोग्रामरने आपल्या मुलींसाठी लिहिला. क्राउदर यांना गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या अफाट गुहेच्या मोजणीत त्यांनी भाग घेतला होता, आणि खेळातील दालने त्या गुहेवरूनच घेतली. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली. येथवरची हकिकत संगणकाच्या पुस्तकांत सापडते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक पायरी मागे जावे. त्या गुहेचा पहिला विस्तृत नकाशा १८४२ मध्ये स्टीफन बिशप या कृष्णवर्णीय वाटाड्याने स्मरणातून काढला आणि १८४५ मध्ये तो पुस्तकात छापला गेला. बिशप गुलाम होता. ज्या मालकाची गुहा, त्याच मालकाची ती मालमत्ता. नकाशा छापून अकरा वर्षे झाल्यावर, १८५६ मध्ये, त्याला मुक्ती मिळाली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. वर्गात ही माहिती सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला : “गुरुजी, मग नकाशावर नाव कुणाचं?” त्याचेच होते, हे सांगताना आम्हाला बरे वाटले.

खेळ नकाशातून जन्मला, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे. आम्ही ते ठेवले नाही. उत्साहाच्या भरात थेट संगणकापुढे बसलो आणि ‘जर खेळाडू इथे असेल आणि त्याने उत्तर म्हटले, तर’ अशी अटीच्या पोटात अट लिहीत गेलो. तीन जागांपुरते ते चालले. चौथी जागा मधे घालायची वेळ आली, तेव्हा कोणती ओळ कुठल्या अटीच्या पोटात आहे हे आमचे आम्हालाच कळेना. शेवटी ते सारे पुसून टाकले आणि फळ्यावर नकाशा काढला.

विषय निवडायला फारसे लांब जावे लागले नाही. आपल्या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तिथून जाडेभरडे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांत घालून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, बंदरावर नेत. पैठणहून अकीकासारखे दगड येत. दिशा आणि दिवस दोन्ही ग्रंथातच मिळाल्याने नकाशा आयता तयार झाला. पैठण आणि भडोच यांच्यामध्ये आम्ही पितळखोऱ्याचे विहार घातले. तिथल्या स्तंभांवर पैठणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, त्यात एक गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. तेव्हा पैठणची माणसे त्या वाटेने जात होती हे खरे. खेळाडू तगरचा कापडवाला. गठ्ठा घेऊन भडोच गाठायचे, एवढाच डाव.

आता बांधणी. प्रत्येक जागेसाठी वहीचे एक पान करावे आणि प्रत्येक पानावर तेच रकाने ठेवावेत. आमच्या वहीतले एक पान असे होते :

जागा : पितळखोरे
वर्णन : डोंगराच्या कुशीत कोरलेले विहार. भिक्षू वर्षावासासाठी थांबले आहेत.
वस्तू : पाण्याचा घडा
वाटा : दक्षिणेस प्रतिष्ठान, उत्तरेस भरुकच्छ
अट : उत्तरेची वाट पावसाळ्यात बंद
कारण : चिखलात गाडीची चाके रुततात

हेच पान पायथॉनमध्ये जसेच्या तसे लिहिता येते. त्या रचनेला तिथे डिक्शनरी म्हणतात. शब्द दिला की त्याच्यापुढची नोंद मिळते, आपल्या शब्दकोशासारखीच. महत्त्वाचे हे, की या पानांत संगणकाला दिलेला एकही हुकूम नाही, फक्त माहिती आहे. हुकमांचा भाग वेगळा, आणि तो फार लहान. खेळाडू उभा आहे ते पान उघड, वर्णन दाखव, त्याचे शब्द वाच, त्याप्रमाणे कर आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. हा फेरा भडोच येईपर्यंत चालतो. जागा चार असोत की चाळीस, फेरा तोच राहतो. क्राउदर यांच्या फोरट्रान भाषेतील प्रोग्राममध्येही दालनांची वर्णने आणि वाटांचा तक्ता वेगळ्या फाइलमध्ये होता. आमची पहिली आठवडाभराची मेहनत वाया गेली, ती हे न वाचल्यामुळे.

तिसरा भाग खेळाडूच्या स्थितीचा. तो कुठे आहे, त्याच्यापाशी काय आहे, ऋतू कोणता चालू आहे. खेळ चालू असताना बदलते ते एवढेच, म्हणून हे सारे एकाच गाठोड्यात बांधून ठेवावे.

शब्द ओळखण्यात मराठीची थोडी वेगळी गंमत आहे. इंग्रजी खेळांत क्रियापद आधी येते आणि वस्तू मागून. आपण ‘गाडी घे’ म्हणतो, म्हणून शेवटचा शब्द क्रियापद धरावा. मुले ‘पश्चिम’ असे टंकतीलच याचा भरवसा नसतो. एकाने ‘मावळतीला’ लिहिले, दुसऱ्याने ‘पच्छिम’. शुद्धलेखनाचे गुण कापण्याची सवय बाजूला ठेवून आम्ही एक तक्ता केला आणि हे सगळे शब्द एकाच दिशेपुढे मांडले. आजीच्या तोंडचा शब्द संगणकाला समजतो हे पाहून त्या मुलाने त्या दिवशी आणखी बारा शब्द आणून दिले.

मुख्य अडचण आली ती पितळखोऱ्याला. पावसाळ्यात खेळाडूने ‘थांब’ म्हणायचे, तीन महिने सरले की ऋतू पालटेल आणि उत्तरेची वाट मोकळी होईल, असे ठरले होते. वर्णन बरोबर बदलले : पाऊस ओसरला आहे, उत्तरेची वाट खुली आहे. खेळणाऱ्या मुलीने ‘उत्तर’ टंकले. उत्तर आले : तिकडे जाता येत नाही. तिने पुन्हा टंकले. पुन्हा तेच वाक्य. मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, “गुरुजी, वाट खुली आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग कोण अडवतंय?”

आम्ही काही वेळ बोललोच नाही. ते वाक्य आम्हीच लिहिले होते, विचार न करता, जिथे जिथे नकार द्यायचा तिथे तिथे. आपल्या आजोबा-पणजोबांनी विहिरीवर, वेशीवर, देवळाच्या पायरीवर हेच वाक्य ऐकले; कारण कधी सांगितले गेले नाही, कारण सांगण्याची कुणाला गरजच नव्हती. मुलीच्या प्रश्नावरून त्या तासाला प्रोग्राम बाजूला राहिला आणि महाडचा विषय निघाला. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. वहीत वाट खुली होती. तळ्यावर मात्र ती बंदच होती, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह जाऊन ते पाणी प्यावे लागले, आणि न्यायालयाचा अंतिम निकाल हाती यायला मार्च १९३७ उजाडला. नियम एके ठिकाणी बदलला, पण दुसऱ्या ठिकाणी जुनाच नियम पहारा देत बसला होता.

आमच्या प्रोग्रामातही अगदी तेच निघाले. पावसाची अट पानावर होती, आणि पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या हुकमांतली एक जुनी अट पुसायची राहून गेली होती. पान म्हणे खुले, हुकूम म्हणे बंद. ती ओळ त्याच मुलीने शोधून काढली. तेव्हापासून वर्गाचा नियम झाला : वाट अडवणारी अट फक्त त्या जागेच्या पानावर लिहायची, दुसरीकडे कुठेही नाही, आणि कारणाचा रकाना रिकामा असेल तर ती अट धरायचीच नाही.

नकारही आता तीन प्रकारचे केले आहेत. त्या दिशेला वाटच नसेल, तर ‘इकडे वाट नाही’. वाट आहे पण अट पुरी झालेली नाही, तर पानावरचे कारण जसेच्या तसे. आणि शब्द समजला नसेल, तर दोष खेळाडूवर न टाकता ‘हा शब्द आम्हाला येत नाही’. नवशिक्ये हे तिन्ही एकाच वाक्यात कोंबतात. मग खेळणाऱ्याला आपले काय चुकले ते उमगत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही बिघाड कुठे आहे ते सापडत नाही.

घरी कोणाला असा खेळ रचायचा असेल, तर पहिले दोन दिवस संगणक नसला तरी चालेल. पाने कागदावर लिहावीत, एकाने संगणक व्हावे, दुसऱ्याने खेळाडू. संगणक झालेल्याने पानावर नाही ते बोलायचे नाही. एवढी शिस्त पाळली की उणिवा आपोआप उघड्या पडतात. आमच्याकडे याच रीतीने कळले, की पैठणला पोचलेल्या खेळाडूला तगरला परत यायला वाटच नव्हती. त्यानंतर नुसते चालणे संगणकावर आणावे, मग वस्तू, आणि अटी सर्वांत शेवटी.

संगणक कक्षाचा तास चाळीस मिनिटांचा. तेवढ्यात कोणी भडोचला पोचत नाही. स्थिती एका गाठोड्यात असल्यामुळे ती फाइलमध्ये उतरवून ठेवणे पाच-सहा ओळींत झाले, आणि गुरुवारी पैठणला थांबलेला कापडवाला सोमवारी तिथूनच निघतो. सध्या दहावीचा एक गट तगरचे पान वाढवतो आहे. तेरच्या त्रिविक्रम मंदिराची मूळ विटांची वास्तू हे बौद्ध चैत्यगृह होते, असे अभ्यासक मानतात. ते त्या काळच्या पानावर कसे वर्णावे, यावर मुलांचे दोन तट पडले आहेत. लामतुरे संग्रहालय पाहून आल्यावर ते पान लिहायचे ठरले आहे.