नाव आणि ओळख : कोकणातील देवगांडूळ

तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असते, हे आपण मागील घटकात पाहिले. या नियमाने 'देवमासा' हा मासा ठरतो आणि 'देवगांडूळ' हे गांडूळ. वस्तुस्थिती तशी नाही. देवमासा सस्तन आहे. देवगांडूळ बेडकाप्रमाणे उभयचर आहे. त्याला पाय नाहीत, पण पाठीचा कणा, जबडा व दात आहेत. डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक सूक्ष्म स्पर्शिका असते. इतर उभयचरांत ती आढळत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावातून २००३ मध्ये देवगांडुळाची एक नवी जाती नोंदविली गेली : 'जेजेनिओफिस शेषाचारी'. दुसरे पद प्रा. शेषाचार यांच्या गौरवार्थ आहे. पहिल्या पदाचा ग्रीक अर्थ मात्र 'भूमीतून जन्मलेला साप'! म्हणजे शास्त्रीय नावही आकारालाच भुलले आहे. ही जाती अंडी न घालता पिल्लांना जन्म देते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. आशियातील उभयचरांविषयीची अशी ही पहिलीच नोंद होती.

आता लोकव्यवहार पाहू. कोकणात सापाचे नाव उच्चारणे टाळून 'जनावर' म्हणतात. मुळात 'सजीव' असा अर्थ असलेला हा फारसी शब्द येथे एका प्राण्यापुरता उरतो. अर्थसंकोचाचे हे ठळक उदाहरण होय. पावसाळ्यात ओल्या पालापाचोळ्यातून देवगांडूळ वर आले, की तेही 'जनावर' ठरते आणि काठीखाली जाते. पाय असलेली, बिनविषारी सापसुरळीही पूर्वपदातील 'साप'मुळेच बदनाम झाली असावी. (भारतात एकही पाल वा सरडा विषारी नाही.)

काठीहून मोठे संकट जमिनीचे आहे. चिरेखाणी, रस्ते आणि बागांसाठी उतारावरील रान सरसकट साफ केले, की माथ्यावरची सावली जाते, माती सुकते. देवगांडूळ त्वचेवाटेही श्वसन करते. कोरड्या मातीत ते तगू शकत नाही. देवराईच्या कडेला उरलेली ओल म्हणूनच मोलाची. दुर्दैव असे, की ज्या प्राण्याला व्यवहारात स्वतंत्र नाव नाही, त्याच्या जाण्याची नोंदही गावात होत नाही.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील वृद्धांकडून साप, सरडे, पाली व बेडूक यांची बोलीतील नावे मिळवा. प्रत्येक नाव आकार, रंग, आवाज की भीती, यांपैकी कशावरून पडले, ते लिहा. एकाच नावाने अनेक प्राणी ओळखले जात असल्यास त्याची वेगळी नोंद करा.