आधी माती वाच, मग पाना उचल

भाच्या, तू ओहायोत शिकायला आलास आणि शनिवारी संध्याकाळी लेट मॉडेल रेसगाड्यांच्या पिटमध्ये हात काळे करायला लागलास, हे ऐकून बरं वाटलं. तुझ्या आईला मी काही बोललेलो नाही, ते तूच सांग. मातीच्या ओव्हलवर गाडी फक्त डावीकडे वळते. त्यामुळे डावी-उजवी बाजू सारखी असावी, हे कॉलेजात शिकलेलं इथे विसर. ही गाडी मुद्दाम वाकडी बांधलेली असते. त्या वाकडेपणाचा हिशोब जमला की ग्रिप मिळते. इतकी वर्षं पिटमध्ये जे कानावर पडलं, ते आता तुझ्या कानावर घालतो.

पोचल्या पोचल्या टूलबॉक्स उघडू नकोस. आधी कुंपणापाशी जाऊन ट्रॅक बघ. पाणी मारून, गाड्या फिरवून दाबलेली माती संध्याकाळी ओली, गडद आणि चिकट असते. तेव्हा कोणाचीही गाडी चांगलीच पळते. हीटच्या प्राथमिक शर्यती होता होता धावेची लेन वाळते आणि मुख्य शर्यतीच्या वेळी तिच्यावर चकाकी येते. चकाकी दिसली की समज, ट्रॅक निसरडा झाला. उडालेली सुटी माती बाहेरच्या कडेला साचून तिचा बांध होतो, त्याला कुशन म्हणतात. धीट ड्रायव्हर त्याला उजवं मागचं चाक टेकवून पळतात. मातीही गावागणिक बदलते. आयोवातल्या नॉक्सव्हिलची माती आपल्या सोलापूरकडच्या रानासारखी काळी आणि चिवट, म्हणून तिथली सेटिंग इथे चालेलच असं नाही. ओहायोतल्याच एल्डोराचा ट्रॅक 1954 सालचा, आज तो अर्ध्या मैलाचा आहे. तिथे सप्टेंबरात वर्ल्ड 100 ही लेट मॉडेलची शर्यत असते. एकदा तिकीट काढून जा, पण गाड्यांपेक्षा ओल कुठून कुठे सरकते त्यावर नजर ठेव.

गाडी चार वजनकाट्यांवर चढवण्याआधी चाकांच्या आतला आणि चेसिसच्या कोपऱ्यांतला चिखल खरवडून काढ. तो राहिला तर आकडे खोटे येतात. जमीन सपाट हवी, चाकांत ठरलेली हवा, टाकीत शर्यतीइतकं इंधन आणि सीटवर ड्रायव्हर. समज, डावं पुढचं चाक 560 पौंड दाखवतंय, उजवं पुढचं 490, डावं मागचं 680 आणि उजवं मागचं 570. एकूण 2300. उजवं पुढचं आणि डावं मागचं मिळून 1170, म्हणजे जवळपास 51 टक्के; हे क्रॉस-वेट. डावं मागचं उजव्या मागच्यापेक्षा 110 पौंडांनी जड, हा बाइट. डाव्या मागच्या स्प्रिंगचा नट आवळलास की त्या चाकावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या उजव्या पुढच्यावर वजन चढतं, बाकी दोघांवरून तेवढंच उतरतं. बेरीज 2300च राहते. बाइट वाढला की वळणातून बाहेर पडताना रेस दिल्यावर गाडी जोरात पुढे सुटते. फार वाढवलास तर ती वळायलाच नकार देते.

आता स्टॅगर. मागचा ॲक्सल लॉक असतो, दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. उजवा टायर घेराने मोठा ठेवला की गाडी आपोआप डावीकडे वळू पाहते. डावा 88 इंच आणि उजवा 91 असेल तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात उजवं चाक तीन इंच जास्त धावणार. पाव मैलाच्या ट्रॅकची वळणं तीव्र असतात, तिथे स्टॅगर जास्त लागतो. ट्रॅक निसरडा झाला की तो थोडा कमी कर, म्हणजे बाहेर पडताना मागची चाकं आपसांत भांडत नाहीत. टेप नेहमी टायरच्या मधोमध, ठरलेली हवा भरल्यावरच फिरव. हवा बदललीस की घेर बदलतो, तेव्हा पुन्हा मोज.

ड्रायव्हर आत येऊन ‘गाडी मागून सुटतेय’ म्हणाला की लगेच पाना उचलू नकोस. ‘कुठे सुटतेय?’ असं विचार. वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना? पुष्कळदा खरा आजार उलटाच असतो. शिरताना गाडीचं तोंड वळत नाही, म्हणून तो स्टिअरिंग आणखी पिळतो. मध्येच पुढची चाकं माती पकडतात आणि मागचा भाग झटक्यात बाहेर फेकला जातो. ड्रायव्हरला फक्त तो झटका आठवतो. त्याचं ऐकून तू मागची पकड वाढवलीस तर तोंड आणखीच वळणार नाही. अशा वेळी आधी शिरतानाचं दुखणं बरं कर, झटका आपोआप जातो. खात्री हवी असेल तर वळणापाशी उभा राहून पुढच्या चाकांकडे बघ. गाडी सरळ चाललीये आणि चाकं डावीकडे पिळलेली आहेत, तर निदान पक्कं.

शर्यतीहून आलेल्या टायरवर हात फिरव. पृष्ठभाग खरखरीत असेल तर टायर काम करतोय. काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर तो तापून घसरत होता. तो थर घासून काढ, खाचा साफ कर आणि सेटिंगमध्ये काय चुकलं ते शोध. नवा टायर हे दरवेळी उत्तर नसतं, आणि तो महागही पडतो.

एका फेरीत एकच गोष्ट बदल. हवा, स्टॅगर आणि शॉक तिन्ही एकदम बदललेस आणि गाडी सुधारली, तरी कशामुळे ते कळणार नाही. वहीत तारीख, मातीची ओल, हवेचा दाब, काट्यावरचे चारही आकडे आणि निकाल लिही. बिघडलेली रात्र तर जास्त नीट लिही. आणि घाई कितीही असो, स्टँड लावल्याशिवाय जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. बाकीचं सगळं चुकलं तरी पुढच्या शनिवारी दुरुस्त करता येतं, हे नाही.