लावणीच्या हंगामातील आरोग्य : शेतीचे एक भांडवल

शेतीच्या भांडवलात जमीन, बियाणे, खते, अवजारे व जनावरे यांची मोजदाद केली जाते. ही सर्व साधने ज्याच्या हातून कामास लागतात त्या माणसाची प्रकृती मात्र बहुधा हिशेबाबाहेर राहते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील, विशेषतः मालवण भागातील, भातशेतीस ही उणीव फार महाग पडते.

मनुष्यबळाचे मोल

भारतीय खेड्यांत शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसे आहेत व काही कमी झाली तरी उत्पन्न घटणार नाही, असे मत एकेकाळी रूढ होते. अमेरिकेतील कृषि-अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे मत १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीच्या आधारे पारखून पाहिले. मुंबईमार्गे आलेल्या त्या साथीत देशभर लक्षावधी माणसे दगावली. त्यानंतर १९१९-२० साली पेरणीखालील क्षेत्र १९१६-१७ च्या मानाने सुमारे ४ टक्क्यांनी घटलेले आढळले. याचा अर्थ, शेतीतील हात निरुपयोगी नव्हते. या निष्कर्षावर अमर्त्य सेन यांनी १९६७ साली आक्षेप घेतले व विद्वानांत वाद झाला. तथापि शिक्षण व आरोग्य यांवरील खर्च ही उत्पादक गुंतवणूकच होय, हा शुल्ट्झ यांचा विचार पुढे सर्वत्र मान्यता पावला. त्यांना १९७९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एका आजारपणाचा हिशेब

मालवण भागातील अनेक घरांतील कर्ते पुरुष नोकरीनिमित्त मुंबईस असतात व शेतीचा भार स्त्रिया आणि वडीलधाऱ्या माणसांवर पडतो. अशा घरी लावणीस चार माणसे आहेत व काम बारा दिवसांचे आहे, असे धरू. चार दिवस काम झाल्यावर एकास ताप आला व दुसरे माणूस त्याच्या शुश्रूषेत गुंतले, तर आठ दिवसांचे उरलेले काम दोघांना सोळा दिवस पुरेल. तरवा साधारणपणे २१ ते २५ दिवसांचा असताना लावणे हितावह असते. आठ दिवसांच्या विलंबाने तो जून होतो, फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. औषधोपचाराचा खर्च व बुडालेली मजुरी यांशिवायचे हे नुकसान असून ते कापणीच्या वेळीच ध्यानात येते.

लेप्टोचा धोका

जिल्ह्यात पावसाळ्यात आढळणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग नेमका याच दिवसांत गाठतो. त्याचे जंतू उंदीर, गुरे, कुत्री इत्यादी प्राण्यांच्या मूत्रावाटे कुणग्यातील पाण्यात व चिखलात मिसळतात आणि हातापायांवरील जखमा, चिरा किंवा भिजून मऊ पडलेली त्वचा यांतून शरीरात शिरतात. सामान्यतः पाच ते चौदा दिवसांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळ्यांत लाली ही लक्षणे दिसतात. दुर्लक्ष झाल्यास कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात व प्राणासही धोका संभवतो. उपचार लवकर सुरू झाल्यास मात्र रोगी बहुधा पूर्ण बरा होतो.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. मृगापूर्वी बांधांवरील उंदरांची बिळे शोधून संपूर्ण वाडीने एकाच वेळी बंदोबस्त करावा. एकट्याने केल्यास शेजारच्या कुणग्यातील उंदीर पुन्हा येतात.

२. गोठ्यातील मूत्र व सांडपाणी शेताच्या पाटात जाऊ देऊ नये.

३. शेतात उतरण्यापूर्वी जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी बांधावी. बांधबंदिस्ती व गोठ्याच्या कामास गमबूट वापरावेत. लावणीच्या खोल चिखलात ते रुतत असल्याने तेथे जखमा झाकणे व काम संपताच स्वच्छ पाण्याने व साबणाने हातपाय धुणे, याच गोष्टींवर भिस्त ठेवावी.

४. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने हंगामात आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक मात्रा घ्यावी. गरोदर स्त्रिया व आठ वर्षांखालील मुले यांना हे औषध परस्पर देऊ नये.

५. ताप येताच आपण चिखलात काम करतो, हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. ‘लावणी उरकली की दाखवू’ म्हणून अंगावर काढू नये.

मजुरीने येणाऱ्या माणसांसही हीच काळजी लागू आहे. त्यांच्यासाठी साबण, पट्ट्या व स्वच्छ पाणी बांधावर ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे व त्यातच त्याचा लाभही आहे. बियाणे व खते यांची तजवीज करतानाच या खर्चाची तरतूद करावी. तो बियाण्याइतकाच लागवडीचा खर्च होय.